विजेचा भाव आणि विक्रेत्याचा शब्द

तासगांवचा बेदाण्याचा बाजार महाराष्ट्रांत नांवाजलेला आहे. सौद्याच्या वेळीं माल उघडून पाहिला जातो, रंग, आकार आणि ओलावा यांची पारख होते, आणि मगच बोली लागते. सौदा झाल्यावर शेतकऱ्याच्या हातीं जी पट्टी येते, तिच्यावरील केवळ भाव वाचून तो समाधान मानीत नाहीं. तूट किती धरली, हमाली व तोलाई किती गेली आणि अखेर पदरांत काय पडलें, हें तो आधीं पाहतो. द्राक्षांचा किलोचा भाव आणि बेदाण्याचा किलोचा भाव शेजारीं शेजारीं मांडून यांतील स्वस्त कोणतें, असा प्रश्न तो कधींच विचारीत नाहीं. कारण एक किलो बेदाण्याला साधारणतः चार किलो द्राक्षें लागतात, हें त्याला पाठ असतें.

हाच सावध मनुष्य घरीं विजेचें बिल हातीं घेतो तेव्हां मात्र त्याची नजर एकदम तळच्या रकमेकडे जाते. मधल्या ओळी न वाचतांच तो बिल घडी करून ठेवतो. मग एखादे दिवशीं दारीं कोणी चांगल्या पोशाखाचा, गोड बोलणारा गृहस्थ येतो, बिल पाहावयास मागतो, आणि "हें निम्म्यावर आणून दाखवितों" असें सांगतो. बेदाण्याच्या बाजारांत ज्याला कोणी फसवूं शकत नाहीं, तो घरच्या उंबऱ्यावर सहज फसतो. कारण एवढेंच कीं तेथें त्याच्या हातीं तराजू असतो, आणि येथें नसतो.

पूर्वीं घरांत दोन दिवे आणि एक पंखा एवढाच विजेचा संसार होता. चुकलें तरी चार रुपयांचें चुकत असे. आज स्वयंपाकाची शेगडी, पाणी तापविण्याचें यंत्र, शीतकपाट, आणि शेवटीं घराच्या छपरावरचें सौर संयंत्र एवढा पसारा वाढला आहे. यांतील शेवटची खरेदी लाखाच्या घरांत जाते आणि पुष्कळदां तिच्यासाठीं कर्ज काढावें लागतें. ज्या वर्षीं अवकाळी पावसानें बाग हातची गेली, त्या वर्षींही कर्जाचा हप्ता थांबत नाहीं. म्हणून ऊर्जेचा भाव पारखण्याची विद्या प्रत्येक घरांत असणें अगत्याचें झालें आहे. ही विद्या अवघड नाहीं. तिला बेरीज, गुणाकार आणि थोडा धीर एवढेंच भांडवल लागतें.

प्रथम हें पाहूं कीं निवडीला वाव कोठें आहे. महाराष्ट्र राज्य वीज मंडळ १९६० सालीं स्थापन झालें. २००५ सालीं त्याचें विभाजन होऊन घरोघर वीज पोंचविण्याचें काम महावितरण कंपनीकडे आलें. तासगांवांतील घराला वीज देणारी संस्था हीच एक. तिचे दर ती स्वतः ठरवीत नाहीं. १९९९ सालीं स्थापन झालेला महाराष्ट्र वीज नियामक आयोग ते ठरवितो. दुसऱ्याकडून वीज घेण्याची मुभा कायद्यांत आहे, परंतु ती मोठ्या कारखान्यांसारख्या ग्राहकांसाठीं. सामान्यतः एक मेगावॅट, आणि हरित ऊर्जेच्या बाबतींत शंभर किलोवॅट मागणी असणाऱ्यांपासून ती सुरू होते. दोन-तीन किलोवॅटच्या घरगुती जोडणीला ती लागू नाहीं. तेव्हां तासगांवांत कोणी "दुसऱ्या कंपनीची स्वस्त वीज तुमच्या घराला देतों" असें म्हणेल, तर त्याला चहा देऊन निरोप द्यावा हें उत्तम.

गॅसचेंही बहुतांशीं असेंच आहे. इंडेन, भारत गॅस आणि एचपी या तीन सरकारी कंपन्यांच्या घरगुती सिलिंडरच्या भावांत एका गांवीं नांव घेण्याजोगा फरक नसतो. वितरकाची सेवा मनास न येईल तर जोडणी दुसऱ्याकडे नेण्याची सोय २०१३-१४ पासून झाली आहे. परंतु त्या बदलानें भाव उतरत नाहीं. याचा अर्थ असा कीं येथील गृहस्थाची खरी निवड दोन विक्रेत्यांमधली नसून दोन इंधनांमधली आहे. चुलीवर गॅस कीं वीज? वीज तारेची कीं छपरावरची? निवड अशी असल्यामुळेंच ती कठीण आहे, कारण दोहोंचीं मापें निराळीं आहेत. गॅस किलोवर मिळतो, वीज युनिटावर. द्राक्ष आणि बेदाणा यांच्या तुलनेसारखाच हा प्रकार झाला.

आतां बिलाकडे वळूं. आयोगाच्या प्रत्येक आदेशासरशीं दर बदलतात. म्हणून येथें उदाहरणापुरते २०२४-२५ या वर्षाचे घरगुती दर घेतले आहेत. त्या वर्षीं पहिल्या १०० युनिटांना युनिटामागें ४ रुपये ७१ पैसे, १०१ ते ३०० पर्यंतच्या युनिटांना १० रुपये २९ पैसे, ३०१ ते ५०० पर्यंत १४ रुपये ५५ पैसे आणि त्यापुढें १६ रुपये ६४ पैसे असा वीज आकार होता. याखेरीज प्रत्येक युनिटाला १ रुपया १७ पैसे वहन आकार, महिन्याला १२८ रुपये स्थिर आकार, आणि या साऱ्यांवर शेंकडा १६ वीज शुल्क. इंधन समायोजन आकार महिन्यागणिक कमीजास्त होतो. तो या हिशेबांतून वगळला आहे.

यावरून पहिल्या टप्प्यांतील युनिट ४ रुपये ७१ पैशांचें दिसलें तरी वहन आकार आणि शुल्क मिळून तें ६ रुपये ८२ पैशांना पडतें. दुसऱ्या टप्प्यांतील युनिट १३ रुपये २९ पैशांना पडतें, म्हणजे जवळजवळ दुप्पट. येथें एक गैरसमज दूर केला पाहिजे. शंभराच्या वर एक युनिट गेलें कीं सगळींच युनिटें महाग होतात, असें पुष्कळांना वाटतें. तसें नाहीं. पहिलीं शंभर युनिटें जुन्याच भावानें मोजलीं जातात. वरचीं तेवढीं महाग होतात.

दोन घरांचीं उदाहरणें घेऊं. पहिल्या घरांत महिन्याला ९० युनिटें जळतात. त्याचें बिल सुमारें ७६२ रुपये होतें. दुसऱ्या घरांत २८० युनिटें जळतात. त्याचें बिल सुमारें ३,२२३ रुपये होतें. रकमेला युनिटांनीं भागलें तर पहिल्याला युनिट सरासरी साडेआठ रुपयांना आणि दुसऱ्याला साडेअकरा रुपयांना पडलें, असें उत्तर येतें. परंतु ही सरासरी निर्णयाच्या कामीं उपयोगी पडत नाहीं. नवी शेगडी घेतली तर जीं युनिटें वाढतील, किंवा छपरावर संयंत्र बसविलें तर जीं वांचतील, तीं सरासरीच्या भावाचीं नसून शेवटल्या टप्प्याच्या भावाचीं असतात. पहिल्या घराचें शेवटलें युनिट ६ रुपये ८२ पैशांचें आहे आणि दुसऱ्याचें १३ रुपये २९ पैशांचें. सगळ्या हिशेबाची किल्ली या शेवटल्या युनिटांत आहे.

ही किल्ली विजेच्या शेगडीच्या जाहिरातीला लावून पाहूं. घरगुती सिलिंडरांत १४.२ किलो गॅस असतो. तो पूर्ण जळला तर सुमारें १८० युनिट विजेइतकी उष्णता निघते. त्यांतील कांहीं भांड्याच्या कडेनें वाया जाते. भारतीय मानकानुसार घरगुती गॅसच्या शेगडीनें निदान शेंकडा ६८ उष्णता कामीं लावली पाहिजे. त्या हिशेबानें भांड्यांत प्रत्यक्ष पोंचते ती सुमारें १२२ युनिटांइतकी. सिलिंडरचा भाव ८५० रुपये धरला, तर भांड्यांतील उष्णतेचें एक युनिट सुमारें सात रुपयांना पडलें. इंडक्शन शेगडी अधिक काटकसरी खरी. ती शेंकडा ८५ च्या आसपास उष्णता भांड्यांत पोंचविते. म्हणून एका सिलिंडरचें काम ती सुमारें १४४ युनिटांत करते.

आतां विक्रेता काय करतो तें पाहावें. तो १४४ युनिटांना ४ रुपये ७१ पैशांनीं गुणतो, ६७८ रुपये हें उत्तर कागदावर मोठ्या अक्षरांत लिहितो, आणि ८५० च्या सिलिंडरवर पावणेदोनशें रुपये वांचले असें सांगतो. गुणाकार बिनचूक आहे. चूक गुणाकाराच्या आधींच झालेली आहे. ज्या घरांत आधींच ९० युनिटें जळतात, तेथें हीं १४४ युनिटें वर पडलीं कीं एकूण २३४ होतात. त्यांतील पहिलीं दहाच काय तीं स्वस्त टप्प्यांत बसतात. उरलेलीं १३४ दुसऱ्या टप्प्यांत जातात. वहन आकार आणि शुल्क धरून या वाढीचा खर्च सुमारें १,८५० रुपये होतो. म्हणजे ८५० च्या सिलिंडरचें काम १,८५० रुपयांत झालें! आंवळा देऊन कोहळा काढणें म्हणतात तें हेंच. यांत खोटा शब्द एकही उच्चारला गेला नाहीं, हें विशेष. ४ रुपये ७१ पैसे हा दर छापील आहे. तो फक्त त्या घराचा शेवटला दर नाहीं.

याचा अर्थ इंडक्शन शेगडी वाईट असा करूं नये. गॅस संपला असतां, पाहुणे आले असतां, किंवा सकाळीं दूध-चहापुरती ती सोयीची आहे. सोयीसाठीं पैसे मोजणें हा दोष नव्हे. परंतु ती बचत म्हणून विकली जाते तेव्हां बचतीचा हिशेब मागितला पाहिजे. शिवाय गॅसचा भाव चढला, किंवा विजेचा उतरला, कीं हेंच गणित पुन्हां करावें. आपल्या पावतीवरचा सिलिंडरचा भाव आणि आपल्या बिलावरचा टप्पा हे दोन आंकडे घातले कीं उत्तर आपोआप निघतें.

दुसरा प्रकार याहून हलका आहे, परंतु त्याला बळी पडणारे थोडे नाहींत. बाजारांत एक लहानशी पेटी विकली जाते. ती भिंतींतील प्लगमध्यें खोचली कीं बिल शेंकडा तीस-चाळीस उतरतें, अशी तिची ख्याति सांगतात. विक्रेता एक मोटार चालू करतो, तारेभोंवतीं विद्युत्प्रवाह मोजण्याचा चिमटा लावतो, पेटी खोचतो, आणि चिमट्यावरचा आंकडा खरोखरच खालीं येतो. पाहणारे चकित होतात. पेटींत बहुधा एक कपॅसिटर असतो. मोटारीसारख्या यंत्राला कामाचा प्रवाह लागतो, आणि त्याबरोबर चुंबकत्व टिकविण्यापुरता आणखी एक प्रवाह सतत येत-जात राहतो. कपॅसिटर हा दुसरा प्रवाह जागच्या जागीं पुरवितो, म्हणून तारेंतील आंकडा उतरतो. परंतु घरगुती बिल किलोवॅट-तासांवर, म्हणजे कामाच्या विजेवर, आकारलें जातें. येऊन परत जाणाऱ्या प्रवाहाचे पैसे घरगुती ग्राहकाला मुळांतच पडत नाहींत. बेदाण्याच्या वजनांतून बारदानाचें वजन आधींच वजा झालें असतां, "बारदान हलकें करून देतों" म्हणून कोणी पैसे मागावे, तसा हा व्यापार आहे. याची परीक्षा सोपी आहे. चिमट्याकडे पाहूं नये, मीटरकडे पाहावें. तेंच यंत्र तितकाच वेळ पेटीसह आणि पेटीविना चालवून मीटरचे आंकडे लिहून घ्यावे.

तिसरा आणि सर्वांत मोठ्या रकमेचा प्रकार सौर संयंत्राचा. येथें वस्तु खरी आहे आणि लाभही खरा आहे. म्हणूनच पारख अधिक लागते. फेब्रुवारी २०२४ मध्यें प्रधानमंत्री सूर्यघर मोफत वीज योजना सुरू झाली. तिच्यांत पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकीं ३०,००० रुपये, आणि तीन किंवा त्याहून अधिक किलोवॅटना एकूण ७८,००० रुपये अनुदान ठरलें. अर्थांत तिसऱ्या किलोवॅटला वाढीव १८,००० च मिळतात, आणि त्यापुढें कांहीं नाहीं. महाराष्ट्राच्या उन्हांत एक किलोवॅटचें संयंत्र वर्षाच्या सरासरीनें दिवसाला सुमारें चार युनिटें, म्हणजे महिन्याला १२० च्या आसपास वीज देतें. पावसाळ्यांत कमी, उन्हाळ्यांत अधिक.

पुन्हां तींच दोन घरें घेऊं. २८० युनिटांच्या घरानें एक किलोवॅट बसविलें, तर वांचणारीं १२० युनिटें सगळीं महाग टप्प्यांतलीं असतात. महिन्याला सुमारें १,५९५ रुपये वांचतात. दुसरें किलोवॅट बसविलें तर त्याचीं साठ युनिटें महाग आणि साठ स्वस्त टप्प्यांत पडतात. त्याची बचत सुमारें १,२०७ रुपये. तिसऱ्या किलोवॅटला वांचविण्यासारखीं चाळीसच युनिटें उरतात; त्याची बचत सुमारें २७३ रुपये. उरलेलीं ऐंशी युनिटें पुढील महिन्यासाठीं जमा राहतात खरीं, परंतु आर्थिक वर्ष संपतांना जीं शिल्लक उरतात त्यांना मिळणारा दर बिलावरच्या दराच्या मानानें पुष्कळ अल्प असतो. ९० युनिटांच्या घराला तर पहिल्या किलोवॅटमध्येंच सारी वीज मिळून जाते, आणि बचत होते ती महिन्याला सुमारें ६१४ रुपयांची. तेंच संयंत्र, तेंच ऊन, तोच विक्रेता. परंतु एका घराला तें दुसऱ्याच्या अडीचपटींहून अधिक लाभाचें ठरतें.

विक्रेता मात्र दोन्ही घरांना तीन किलोवॅटचाच आग्रह करतो, कारण सर्वांत मोठें अनुदान तेथें आहे आणि मोठा व्यवहारही तेथें आहे. "अनुदान सोडूं नका" हा त्याचा मंत्र. परंतु अनुदान हें खर्चाचा एक भाग परत येणें होय. तो नफा नव्हे. "बिल शून्य" हा दुसरा मंत्र. युनिटें शून्य झालीं तरी स्थिर आकार आणि त्यावरील शुल्क राहतेंच. "योजना या महिन्यांत बंद होणार" हा तिसरा. ज्या दुकानदाराचा माल चोख असतो, तो गिऱ्हाइकाला रात्रभर विचार करूं देतो.

सौर संयंत्र घेणाऱ्यानें चार गोष्टी कागदावर पाहाव्या. विक्रेत्याचें नांव योजनेच्या राष्ट्रीय नोंदींत आहे कीं नाहीं. फलक भारतीय बनावटीचे आहेत कीं नाहींत, कारण त्यावांचून हें अनुदान मिळत नाहीं. पांच वर्षांची देखभाल करारांत लिहिली आहे कीं नाहीं. आणि अनुदान ग्राहकाच्या स्वतःच्या बँक-खात्यांत जमा होणार आहे कीं नाहीं. अनुदान थेट ग्राहकाच्या खात्यांत यावें अशी योजना असतां, "तें आमच्याकडे येऊं द्या, आम्ही वळतें करून देऊं" असें कोणी म्हणेल तर सावध व्हावें.

येथें कोणी विचारील कीं तासगांवांतही दोन-चार वीज कंपन्या असत्या तर ही कटकट टळली नसती काय? या प्रश्नाचें उत्तर मुंबईनें दिलें आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २००८ च्या निर्णयानंतर, आयोगाच्या १५ ऑक्टोबर २००९ च्या आदेशानें, मुंबईच्या उपनगरांतील ग्राहकांना रिलायन्सच्या तारांवरून टाटांची वीज घेण्याची मुभा मिळाली. पुष्कळांनीं ती घेतली. परंतु पुढें बदल करणाऱ्या ग्राहकांच्या बिलांत अधिभारासारखे निराळे आकार येऊं लागले, आणि नुसता वीज आकार पाहून केलेली तुलना अपुरी ठरली. २०१८ सालीं रिलायन्सचा तो व्यवसाय अदानी कंपनीकडे गेला. निवड मिळाली, तरी बिलाच्या सर्व ओळी वाचण्याचें काम ग्राहकाच्या मागून सुटलें नाहीं.

इंग्लंडांत तर प्रत्येक घराला वीज आणि गॅस पुरविणारा निवडतां येतो. तेथें दारोदार फिरणाऱ्या विक्रेत्यांनीं इतका गोंधळ माजविला कीं २०१३ सालीं ऑफजेम या नियामक संस्थेनें एस्. एस्. ई. या मोठ्या कंपनीला, ग्राहकांना बचतीची चुकीची कल्पना देऊन विक्री केल्याबद्दल, एक कोटी पांच लाख पौंडांचा दंड केला. पुढें २०१९ पासून सरकारनें दरांवर कमाल मर्यादाही घातली. निवडीचें स्वातंत्र्य चांगलेंच. परंतु हिशेब येत नसेल तर त्याचा लाभ विक्रेताच घेतो.

भारतांत ग्राहक अगदींच निराधार नाहीं. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९, यांत दिशाभूल करणाऱ्या जाहिराती आणि अनुचित व्यापारप्रथा यांविरुद्ध दाद मागण्याची तरतूद आहे. राष्ट्रीय ग्राहक मदतवाहिनीचा क्रमांक १९१५ आहे. सांगलीस जिल्हा ग्राहक आयोग आहे, आणि पांच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला शुल्क पडत नाहीं. सिलिंडर घेतांना तो वजन करून मागण्याचा अधिकार ग्राहकाला आहे. रिकाम्या टाकीचें वजन तिच्यावरच लिहिलेलें असतें, त्यांत १४.२ किलो मिळवून कांट्यावरचा आंकडा पाहावा. नव्या जोडणीबरोबर शेगडी त्याच वितरकाकडून घेण्याची सक्ति कोणालाही करतां येत नाहीं. परंतु हे सारे अधिकार कागदाच्या आधारावर उभे आहेत. तोंडी दिलेला शब्द आयोगापुढें टिकविणें कठीण. पावती, करार आणि जाहिरातीचा कागद जपून ठेवलेला असेल तर काम सोपें होतें.

दारीं आलेल्या विक्रेत्याला तीन प्रश्न विचारावे. पहिला: हा भाव कोणत्या मापाचा, आणि भांड्यांत किंवा दिव्यांत प्रत्यक्ष पोंचणाऱ्या युनिटाला किती पडतो? दुसरा: ही बचत माझ्या बिलाच्या शेवटल्या टप्प्यानें काढली आहे कीं दुसऱ्या कोणाच्या? तिसरा: हेंच सारें सही-शिक्क्यानें लिहून देतां काय, आणि उत्तर उद्यां दिलें तर चालेल काय? प्रामाणिक विक्रेता या प्रश्नांनीं रागावत नाहीं. त्याचें काम त्यानें हलकेंच होतें. जो रागावतो, त्याचा हिशेब आपोआप कळून येतो.

हे प्रश्न विचारण्याचा मान घरच्या गृहिणीला देणें योग्य होईल. चूल तिच्या हातीं असते, सिलिंडर किती दिवस पुरला हें तिला ठाऊक असतें, आणि दूध-भाजीच्या भावांत दोन रुपयांचाही फरक तिच्या नजरेंतून सुटत नाहीं. एका वहींत सिलिंडर लावल्याची तारीख, त्याचा भाव, आणि दर महिन्याच्या बिलावरचीं युनिटें एवढेंच तिनें लिहून ठेवावें. वर्षभरांत त्या वहीचीं दोन-तीन पानें भरतील, आणि दारांत येणाऱ्या प्रत्येक वाटाघाटींत तराजू घरच्यांच्या हातीं राहील.